मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर मूत्राशय कसं सांभाळावं

मणक्याला मार लागून मज्जारज्जूला इजा झाली की लघवीवरचा ताबा जातो, आणि घरातल्यांचं सगळं लक्ष कपडे-चादरी कोरड्या ठेवण्याकडे लागतं. ओले कपडे त्रासाचे आहेतच, पण खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. तो आहे मूत्राशयातला दाब. हा दाब वाढत राहिला तर लघवी उलटी मूत्रपिंडांकडे ढकलली जाते आणि मूत्रपिंडं हळूहळू निकामी होतात. संवेदना गेलेली असल्यामुळे दुखतही नाही. म्हणून मूत्राशय कमी दाबात भरलं पाहिजे आणि वेळेवर पूर्ण रिकामं झालं पाहिजे. पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

इजा मानेच्या किंवा छातीच्या मणक्यांत असेल तर मूत्राशय आपल्या मनाने आवळतं, आणि नेमका त्याच वेळी खालचा झडपेचा स्नायू उघडायच्या ऐवजी घट्ट मिटतो. थोडी लघवी सुटते, बरीचशी आतच राहते. इजा मज्जारज्जूच्या टोकाशी किंवा त्याखालच्या नसांना असेल तर मूत्राशय ढिलं पडतं, भरत राहतं आणि ओसंडून थेंबथेंब गळतं. सुरुवातीचे काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, दोन्ही प्रकारांत ते ढिलंच असतं. त्यामुळे घरी आल्यावर एके दिवशी लघवी आपोआप सुटायला लागली की ‘आता ताबा येतोय’ असं वाटतं. बहुतेक वेळा तो ताबा नसतो, मूत्राशयाचं आवळणं असतं. अशा वेळी मूत्राशय रिकामं करायची नळी (कॅथेटर) घालणं बंद करू नका. लघवी सुटून गेल्यावर लगेच नळी घाला आणि आत किती उरली ते मोजा. हीच वेळ युरोडायनॅमिक तपासणीची असते. तीत बारीक नळीने मूत्राशय भरत भरत आतला दाब मोजतात. भरताना दाब ४० सेंटिमीटर पाण्याच्या वर राहत असेल तर मूत्रपिंडांना धोका आहे असं धरतात.

पोटावर दाबून किंवा कुंथून लघवी काढायची जुनी पद्धत अजून सांगितली जाते. झडप मिटलेली असताना वरून दाबणं म्हणजे लघवी मूत्रपिंडांकडे लोटणं. डॉक्टरांनी तपासणी करून सांगितल्याशिवाय हे करू नका.

ठरावीक वेळी नळी घालणं

नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, नळी काढून टाकायची. ही स्वच्छ नळीची पद्धत अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये मांडली. त्यांचं म्हणणं असं की संसर्गाचं मोठं कारण तुंबून ताणलेलं मूत्राशय असतं; ते वेळेवर रिकामं होत असेल तर घरी साबणाने धुतलेले हात पुरतात. हाताची बोटं चालत असतील, किंवा मदतीला माणूस असेल, तर आजही पहिली निवड हीच.

मोठ्या माणसाला बहुधा १२ किंवा १४ नंबरची नळी लागते. पुरुषांसाठी साधारण ४० सेंटिमीटर लांब, स्त्रियांसाठी आखूड. वंगण म्हणून पाण्यात विरघळणारी जेलीच वापरा. व्हॅसलिन किंवा तेल नको.

हात आणि लघवीची जागा साबण-पाण्याने धुवा. पुरुषांनी पुढची कातडी मागे घ्यावी, नळीला भरपूर जेली लावावी आणि लिंग पोटाच्या दिशेने वर उचलून धरावं, म्हणजे मार्गातलं वळण सरळ होतं. नळी सावकाश आत सरकवा. १५-२० सेंटिमीटरच्या आसपास ती अडल्यासारखी होते. ही झडप आहे. इथे जोर लावला की आतलं अस्तर फाटतं, रक्त येतं आणि पुढे त्या जागी व्रण धरून मार्ग अरुंद होतो. नळी मागे न घेता तिथेच हलक्या हाताने धरून ठेवा, दोन-तीन खोल श्वास घ्या, जमल्यास खोका. स्नायू सैल होतो आणि नळी आपसूक पुढे जाते. अर्धा मिनिट थांबूनही गेली नाही तर काढा, थोड्या वेळाने पुन्हा करून पाहा. तरीही अडली तर दवाखाना गाठा. लघवी सुरू झाली की नळी आणखी दोन-तीन सेंटिमीटर आत घाला आणि लिंग खाली करा. शेवटी कातडी आठवणीने पुढे आणा. मागेच राहिली तर सूज येऊन ती अडकते.

स्त्रियांनी पुसताना पुढून मागे पुसावं. मूत्रमार्गाचं तोंड योनीच्या किंचित वर असतं, सुरुवातीला आरसा लागतो. नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच खूण म्हणून राहू द्या आणि दुसरी स्वच्छ नळी तिच्या वरच्या तोंडात घाला. मार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असल्याने लघवी लगेच येते.

धार थांबली की लगेच नळी ओढू नका. थोडीथोडी मागे घ्या. पुन्हा धार लागली तर तिथे थांबा. तळाशी उरलेल्या लघवीतच जंतू वाढतात आणि खडे धरतात. नळी एकदाच वापरून टाकणं सर्वांत चांगलं. पुन्हा वापरावीच लागली तर साबण-पाण्याने आतून-बाहेरून धुवून पूर्ण कोरडी करून झाकणाच्या डब्यात ठेवा.

वेळ साधारण चार ते सहा तासांची, पण घड्याळापेक्षा माप महत्त्वाचं. एका वेळी ५०० मिलिलिटरच्या वर लघवी निघता कामा नये. दिवसभरात दोन लिटर होत असेल तर चारशेच्या हिशेबाने पाच वेळा नळी लागेल. सुरुवातीचा आठवडाभर वहीत लिहा: किती वाजता, किती प्यायलं, किती निघालं, मध्ये गळलं का. माप वारंवार पाचशेच्या वर जात असेल तर अंतर कमी करा. नळी टळावी म्हणून पाणी तोडू नका. दिवसभर थोडंथोडं प्या, झोपेच्या दोन-तीन तास आधी हात आखडता घ्या. दिवसभर खुर्चीत बसून पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर लघवीतून निघतं, म्हणून रात्रीचं माप मोठं येतं. संध्याकाळी तासभर पाय वर करून पडलं तर ते आधीच उतरतं.

दोनदा नळी घालण्याच्या मधल्या वेळात गळत असेल तर डॉक्टर ऑक्सिब्युटिनिन किंवा सॉलिफेनासिनसारखी मूत्राशय सैल करणारी गोळी देतात. तिने तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठ होतो. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, त्यामुळे शौचाची घडी बसवणं याच उपचाराचा भाग आहे. गोळी पुरली नाही तर मूत्राशयात बोटुलिनमची (स्नायू सैल करणारं औषध) इंजेक्शनं देतात. असर काही महिने टिकतो.

कायमची नळी असेल तर

हात चालत नसतील तर मूत्रमार्गातून किंवा बेंबीखाली छिद्र करून कायमची नळी ठेवतात. वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर पोटातली बरी. मूत्रमार्ग झिजत नाही. नळी आत अडकून राहावी म्हणून तिच्या टोकाशी छोटा फुगा असतो. मूत्रमार्गातून असल्यास नळी बदलताना लघवी आल्याशिवाय हा फुगा फुगवू नका, नाहीतर तो मार्गातच फुगतो. नळी मांडीला किंवा पोटाला चिकटवा, ओढ बसू देऊ नका. युरोबॅग (लघवी साठायची पिशवी) नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली. अर्धी-पाऊण भरली की रिकामी करा.

अचानक डोकं ठणकलं तर

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल तर हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. मूत्राशय तुंबलं की रक्तदाब एकदम चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो, अंगावर काटा येतो, नाक चोंदतं. अशांचा नेहमीचा दाबच वरचा ९०-११० असतो, त्यामुळे १४० हा आकडासुद्धा धोक्याचा. यातून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

आधी ताठ बसवा, पाय खाली सोडा, कपडे-पट्टे सैल करा. मग नळी बघा: पिळली आहे का, मांडीखाली दबली आहे का, बॅग भरली आहे का. कायमची नळी नसेल तर लगेच नळी घाला. नळी तुंबली असेल तर १०-१५ मिलिलिटर कोमट सलाईन हळूच सोडून पाहा. मोकळी झाली नाही तर बदला. पोट दाबू नका. दर दोन-तीन मिनिटांनी रक्तदाब मोजा. लघवी निघूनही उतरत नसेल तर थेट रुग्णालयात न्या आणि मज्जारज्जूची इजा आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.

संसर्ग आणि तपासण्या

नळी वापरणाऱ्याच्या लघवीत जंतू सापडणारच. नुसत्या रिपोर्टवरून अँटिबायोटिक घेऊ नका. जंतू चिवट होतात आणि खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू पडत नाही. थंडी वाजून ताप, पायांचा ताठरपणा एकदम वाढणं, नव्याने गळणं, गढूळ लघवीबरोबर अंग मोडून येणं यांपैकी काही असेल तर औषध सुरू करण्याआधी नव्या नळीतून कल्चरला (जंतू ओळखायच्या तपासणीला) नमुना द्या. बॅगेतला नमुना उपयोगाचा नाही. लघवीत रक्त पुन्हा पुन्हा दिसत असेल तर संसर्ग म्हणून सोडून न देता दुर्बिणीने तपासून घ्या, विशेषतः नळीला दहा वर्षं झाली असतील तर.

वर्षातून एकदा मूत्रपिंडं आणि मूत्राशयाची सोनोग्राफी करा. मूत्रपिंड फुगणं आणि खडे त्यात लवकर दिसतात. मूत्रपिंडाच्या कामासाठी रक्तात मोजतात ते क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आलं म्हणून निर्धास्त राहू नका. ते स्नायूंमधून तयार होतं आणि पायांचे स्नायू वाळलेले असल्याने आकडा मुळातच कमी येतो. मूत्रपिंडाचं काम घटलं तरी तो नेहमीच्या मर्यादेत राहू शकतो. मागच्या वर्षीचा रिपोर्ट शेजारी ठेवून आकडा वाढतोय का ते डॉक्टरांना विचारा. शंका असेल तर स्नायूंवर अवलंबून नसलेली सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी करता येते.