बियाणं घेण्याआधी सातबारा उघडा आणि नाव कोणाचं आहे ते बघा

रोहिणी लागायला आली. कुळवाच्या पाळ्या चालू आहेत, शेणखताचे ढीग रानात पडलेत, आणि माझा फोन दिवसभर वाजतोय. सोयाबीनचं बियाणं एमएयूएस ६१२ घेऊ की फुले संगम? डीएपी मिळत नाही, मग काय टाकू? या प्रश्नांना माझ्याकडे उत्तरं आहेत, आणि पेरणीचं-खताचं शेवटी दिलंही आहे. पण गेली काही वर्षं मी आधी उलट विचारतो: सातबारा कोणाच्या नावावर आहे?

"आमच्याच," असं उत्तर येतं.

तुमच्या की वडिलांच्या? मग पलीकडचा आवाज थांबतो.

२०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूरकडे जो पाऊस झाला, त्यानंतरच्या एका पंचनाम्याला मी बांधावर उभा होतो. ओढ्याचं पाणी ओसरलं होतं. कापून लावलेली सोयाबीनची गंजी मधोमध काळी पडलेली, हात घातला तर आतून गरम वाफ लागत होती आणि शेंगांतल्या दाण्यांना कोंब आले होते. पंचनाम्याला आलेल्या माणसानं यादीवर बोट फिरवून खातेदाराचं नाव वाचलं. शेतकरी म्हणाला, "ते माझे वडील." "बोलवा त्यांना, केवायसी लागेल." वडील जाऊन सात वर्षं झाली होती. सात पावसाळे त्या पोरानं नांगरलं, पेरलं, काढलं आणि कागदावर शेती मेलेला माणूस करत होता. गावात मदत आली तेव्हा त्याच्या खात्यात काही आलं नाही. पंचनामा खरा होता, नुकसान खरं होतं, यादीही खरी होती. फक्त यादीतलं नाव हयात नव्हतं.

किडीनं पीक गेलं तर निदान फवारणीचा उपाय सांगता येतो. वारस नोंद न केल्यामुळे गेलेलं पीक मी डोळ्यांनी बघितलंय, आणि त्यावर सप्टेंबरात औषध नसतं. औषध आत्ता आहे, मे महिन्यात.

आज रात्री मोबाईलवर एवढं करा

'महाभूलेख' उघडा. विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडा, गट नंबर टाका, मोबाईल नंबर द्या, सातबारा दिसतो. पैसे लागत नाहीत. ही प्रत फक्त बघण्यापुरती आहे, बँकेत किंवा कोर्टात चालत नाही. बघताना हे तपासा:

- भोगवटादारांत तुमचं नाव आहे का, आधारवर आहे तसंच आहे का
- क्षेत्र बरोबर आहे का (हेक्टर-आरमध्ये असतं, एकर म्हणजे साधारण ४० आर)
- भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ (वर्ग २ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही)
- इतर हक्कात जुना बोजा, कुळ, 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) किंवा 'अ.पा.क.' (अज्ञान वारसाचा पालनकर्ता) असा शेरा
- प्रलंबित फेरफार, म्हणजे नोंदीतला अजून मंजूर न झालेला बदल, आहे का
- गाव नमुना १२ मध्ये गेल्या हंगामाचं पीक लागलंय की रकाना रिकामा आहे

आडवी रेघ मारलेली नावं म्हणजे कमी झालेली नावं. वडिलांचं नाव रेघेशिवाय उभं असेल आणि ते हयात नसतील, तर बाकी काही वाचू नका. थेट खालच्या भागावर या.

सही-शिक्क्याची प्रत लागणार असेल तर 'डिजिटल सातबारा' हे वेगळं संकेतस्थळ आहे. मोबाईलवर ओटीपी येतो, खात्यात पैसे जमा करायचे, सातबाऱ्याच्या एका प्रतीला १५ रुपये लागतात. आठ-अ (खातेउतारा) आणि फेरफारही तिथेच मिळतो. त्यावर डिजिटल सही आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो, त्यामुळे पुन्हा तलाठ्याचा शिक्का लागत नाही. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच म्हणतात, मीही तेच लिहितो. १९६०-७० सालचा फेरफार किंवा जुना सातबारा हवा असेल तर 'आपले अभिलेख'वर तालुक्याचे स्कॅन केलेले कागद शोधा. तिथे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर एक रुपयाही भरू नका. हुबेहूब दिसणारी खासगी पानं भरपूर आहेत.

पंधरा रुपयांच्या कागदाला दुकानात शंभर-दीडशे मोजणारे मी रोज बघतो.

नाव नाही म्हणून दुकानदाराच्या दारात

हा भाग नीट समजून घ्या, कारण पैसा खरा इथे जातो. सातबारा मयताच्या नावावर म्हणून बँक पीक कर्ज देत नाही. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर राज्याच्या व्याज सवलतीमुळे बिनव्याजी पडतं, हा पैसा तुमच्यासाठी बंद. मग पेरणी उधारीवर. उधारीवर घेणारा निवड करू शकत नाही. दोन पोती युरिया हवा तर सोबत टॉनिकची बाटली घ्या, एक पोतं डीएपी हवं तर झिंकची पिशवी आणि 'मुळी वाढवणारं' काहीतरी घ्या. याला बाजारात लिंकिंग म्हणतात. खतासोबत दुसरा माल गळ्यात मारायला कायद्यानं परवानगी नाही, पण ज्याच्या वहीत तुमचं नाव आहे त्याला तुम्ही हे सांगू शकत नाही. रोखीनं घेणारा शेजारी बिल मागतो, लॉट नंबर बघतो, नको ती बाटली परत ठेवतो.

गेल्या खरिपात एका घरी मी टॉनिकच्या रिकाम्या बाटल्या मोजल्या. चार एकराला अकरा. त्या घराची वारस नोंद पाच वर्षं रखडलेली होती. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मला वाटतं, कुठल्या अहवालात लिहिलेलं नाही.

वारस नोंद: कशी करायची

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४९. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. उशीर झाला असेल तरी नोंद होते. सात वर्षांनी गेलात म्हणून कोणी परत पाठवत असेल तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

कागद: मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ, सगळ्या वारसांची नावं-वय-पत्ते-मयताशी नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र, आधार, रेशनकार्ड. अर्ज तलाठ्याकडे किंवा 'ई-हक्क' प्रणालीवर घरबसल्या.

तलाठी वारसांची चौकशी करून गाव नमुना ६-क मध्ये नोंद घेतो, मग फेरफार धरतो. कलम १५० प्रमाणे नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नाव चढतं. म्हणजे आज अर्ज दिलात तर सगळं सुरळीत गेल्यावरसुद्धा जूनची अखेर उजाडेल. म्हणून म्हणतो, मृगाची वाट बघू नका.

अडकतं कुठे? बहुतेक वेळा बहिणींपाशी. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं नाव अर्जात न घालण्याची सवय गावोगाव आहे. ९ सप्टेंबर २००५च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबात मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि आईसुद्धा वारस आहे. नाव लपवलं तर प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं, हरकत आली की प्रकरण तहसीलला जातं आणि आणखी दोन हंगाम हातचे जातात. सगळ्यांची नावं घाला. बहिणीला खरंच हक्क सोडायचा असेल तर ती पुढची पायरी, दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून. साध्या कागदावर अंगठा चालत नाही. बहिणींना आधी फोन करा, घरी बोलवा, मग तलाठ्याकडे जा. मी ज्या नोंदी कुठेही न अडकता झालेल्या बघितल्या, त्या सगळ्या घरांत बहिणीला आधी विचारलेलं होतं.

वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. नावं सामायिक लागतात. वाटप कलम ८५ खाली तहसीलदाराकडे किंवा नोंदणीकृत वाटणीपत्रानं होतं. ते नंतर सावकाश करा, त्यासाठी वारस नोंद अडवून ठेवू नका. "वाटणी झाली की एकदमच करू" हे वाक्य मी ज्या ज्या घरात ऐकलं, तिथे दोन्ही झालं नाही.

२०२५ला शासनानं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. १ मार्चला बुलडाण्यात सुरुवात, १ एप्रिलपासून राज्यभर. त्यात ज्यांनी अर्ज दिले त्यांची कामं पुष्कळ ठिकाणी झाली. तुमचा अर्ज तेव्हा दिलेला असेल तर तो मंजूर झाला की नाही हे सातबारा उघडून बघा. दिला म्हणजे झाला असं धरू नका.

या कामात एजंटाला हजारांनी पैसे द्यावेत असं काहीही नाही. माझा अनुभव: बाजाराच्या दिवशी सज्जावर, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयात, जाऊ नका, गर्दीत अर्ज गठ्ठ्यात जातो. सकाळी जा, पोच घ्या, त्यावर तारीख घाला.

बाकी दुरुस्त्या, थोडक्यात

- नावात, क्षेत्रात लिहिण्याची चूक: कलम १५५, तहसीलदाराकडे अर्ज
- कर्ज फिटलं पण बोजा तसाच: बँकेचा बेबाकी दाखला घेऊन ई-हक्कवर बोजा कमी करण्याचा अर्ज
- 'अ.पा.क.' शेरा आणि मूल १८ पूर्ण: जन्माचा पुरावा जोडून शेरा कमी करा
- विहीर, बोअर, फळझाडं: नोंद नसेल तर करून घ्या
- फेरफार मान्य नसेल: कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, मुदत बघून

सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा शेवटचा निकाल दिवाणी न्यायालय देतं. पण कलम १५७ प्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरली जाते. चुकीची नोंद पडून राहिली तर ती तुमच्याविरुद्ध बोलत राहते.

नाव चढल्यावर लगेच

शेतकरी ओळख क्रमांक काढा. १५ एप्रिल २०२५पासून राज्याच्या कृषी योजनांना तो बंधनकारक आहे, आणि तो सातबाऱ्यावरच्या नावावर निघतो. पीक विमा आता एक रुपयात नाही. खरीप २०२५पासून खरिपाच्या अन्नधान्य आणि गळीत पिकांना विमा रकमेच्या २ टक्के, नगदी पिकांना ५ टक्के भरावे लागतात. ३१ जुलै हीच शेवटची तारीख धरून चाला, मुदतवाढीच्या आशेवर राहू नका.

मग ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल अ‍ॅपवर आपल्या पिकाची नोंद. साधारण १ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर. शेतात जाऊनच फोटो काढा, घरून निघत नाही. चुकलं तर ४८ तासांत स्वतः दुरुस्त करता येतं. विम्यात सोयाबीन आणि पाहणीत तूर असं झालं तर विमा हातचा जातो, आंतरपीक असेल तर तसंच लिहा. सकाळी दहाच्या आत करा, नंतर सर्व्हर दमतो. नेटवर्क नसेल तर फोटो काढून ठेवा आणि गावात येऊन अपलोड करा. हमीभाव केंद्रावर सोयाबीन घालायचं असेल तरी नोंद हीच बघतात.

पेरणीचं, सोयाबीनसाठी

- घरचं बियाणं: १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, ७० उगवले पाहिजेत
- एकरी २६ ते ३० किलो. उगवण कमी असेल तर त्या प्रमाणात वाढवा
- बीजप्रक्रिया: कार्बोक्सिन + थायरम ३ ग्रॅम प्रति किलो, सुकल्यावर रायझोबियम
- शिफारस हेक्टरी ३०:६०:३० नत्र-स्फुरद-पालाश, २० किलो गंधक
- डीएपी नसेल तर सिंगल सुपर फॉस्फेट आणि युरिया, गंधक त्यातूनच येतं
- खोली ३ ते ५ सेंटीमीटर, त्याहून खोल नाही
- ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका

मी मिलिमीटरसोबत कुदळही बघतो. वीतभर खाली माती मुठीत दाबून गोळा राहत असेल तर पेरा, फुटत असेल तर थांबा. दोन वळवाच्या सरींवर पेरणारे दुबार पेरणीला पुन्हा त्याच दुकानात उभे राहतात.

सातबाऱ्यावर वडिलांचं नाव असलेल्यांनी ही यादी बाजूला ठेवा. ट्रंकेतून मृत्यूचा दाखला काढा. नसेल तर ग्रामपंचायतीतून उद्या आणा. मृत्यूची नोंदच राहिली असेल तर आधी ती करून घ्या, तिथेही २१ दिवसांनंतर कागद वाढतात. बहिणींना फोन करा. फेरफार प्रमाणित झाला की डिजिटल सातबाऱ्याची नवी प्रत काढून मोबाईलमध्ये ठेवा आणि एक प्रत बँकेत द्या. वडिलांचा पीएम किसानचा हप्ता चालू असेल तर तिथेही वारस म्हणून नव्यानं नोंदणी करा. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेल्या जमिनीपैकी फक्त वारसानं आलेलीच तिथे धरतात, त्यामुळे फेरफारात 'वारस' असा शब्द स्पष्ट आहे का ते वाचून घ्या.