दोन चिमुरड्यांचा दिवस: सांधे सांभाळायचे

थोरली साडेचार वर्षांची, धाकटा सव्वादोन वर्षांचा. गेलं दीड वर्ष दिवसभर दोघं माझ्याकडे असतात. त्यांची आई संध्याकाळी कामावरून येते. सुरुवातीला वाटायचं, घरात सारखी रडारडच चालू आहे. मग एक आठवडा मी वहीत एवढंच टिपलं: कोण, किती वाजता, कशावरून रडलं. वही वाचली तेव्हा दिसलं, की खेळता खेळता किंवा जेवता जेवता फारसं कुणी रडत नाही. रडू येतं ते हातातलं एक सोडून दुसरं धरताना. खेळातून उठताना, टबातून निघताना, दाराबाहेर पडताना. गाडी घसरते ती सांध्यापाशी. म्हणून मी आता सांधे सांभाळतो. जे करून पाहिलं आणि टिकलं, तेच लिहितोय.

आधी वेळेबद्दल. “अजून पाच मिनिटं” म्हणजे किती, हे दोन वर्षांच्या मुलाला कळत नाही. त्याला डोळ्यांना दिसेल, मोजता येईल असं काही द्या. “अजून तीनदा घसरगुंडी, मग घरी,” म्हणून मी तीन बोटं वर धरतो. दर वेळी खाली आला की एक बोट तो स्वतः मिटतो. तिसरं बोट मिटलं की निघायचं म्हणजे निघायचं. लाडात येऊन चौथी फेरी दिलीत, तर उद्या तुमच्या बोटांवर कोण विश्वास ठेवणार? थोरलीला वाळूचं घड्याळ पुरतं.

नकार चालणार नसेल तिथे प्रश्नच विचारू नका. “निघायचं का?” असं विचारल्यावर तो “नाही” म्हणाला, तर त्याचं काही चुकलं नाही. “आपण निघतोय. दारापर्यंत बेडकासारखं जायचं की हत्तीसारखं?” असं विचारा. पर्याय दोनच, आणि दोन्ही आपल्याला चालतील असे.

घरातून बाहेर पडणं हा सगळ्यात अवघड सांधा, कारण तिथे आपल्यालाही घाई असते. मी निघायची तयारी पंधरा मिनिटं आधी सुरू करतो, आणि तो वेळ जवळजवळ सगळा बुटांना देतो. धाकट्याला “मी मी” करायचं असतं, आणि करू द्यायलाच हवं. एक स्टिकर मधोमध कापून डावा अर्धा डाव्या बुटात आणि उजवा अर्धा उजव्या बुटात, टाचेपाशी आतून चिकटवायचा. बूट शेजारी नीट ठेवले की चित्र पूर्ण होतं. आमच्याकडे मासा आहे. माशाचे दोन अर्धे मधोमध जुळले नाहीत, तर तो स्वतःच बुटांची अदलाबदल करतो. बूट चढवायला त्याला बुटक्या स्टुलावर बसवा आणि तुम्ही समोर न बसता मागे बसा; म्हणजे त्याचे आणि तुमचे हात एकाच दिशेने चालतात. टाच आत जाईना, तर बुटाची मागची कड धरून ठेवा, ढकलायचं काम त्याचं.

जाकिटाची युक्ती तर थोरलीने धाकट्याला शिकवली. जाकीट जमिनीवर उघडून, आतली बाजू वर करून पसरायचं. मुलाने कॉलरच्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे कॉलर त्याच्या पायांशी येते. वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि जाकीट डोक्यावरून मागे टाकायचं. झालं. पहिल्यांदा जमलं तेव्हा धाकटा ते काढून पुन्हा पुन्हा घालत बसला. उशीर झाला, पण मी थांबवलं नाही.

आता भांडणं. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधिकेने 1932 साली लहान मुलांच्या खेळाचे टप्पे मांडले. त्यात एक टप्पा शेजारी-शेजारी बसून आपापलं खेळण्याचा आहे. दोन वर्षांचं मूल बरेचदा तिथेच असतं. त्याच्याकडून “वाटून घे”ची अपेक्षा धरली, की दोघंही रडतात. मी एकच सामान दोन ताटल्यांत देतो: दोन वाट्या पाणी, दोन ब्रश, दोन कागद. थोरलीची मण्यांची माळ किंवा बारीक ठोकळे असतील, तर लहान मुलांना खेळायला ठेवतात त्या कुंपणाच्या (प्लेपेनच्या) आत मी तिला बसवतो आणि धाकटा बाहेर मोकळा. तिला तिची जागा मिळते, आणि त्याला कोंडावं लागत नाही.

बारीक वस्तूंसाठी घरातली सोपी कसोटी म्हणजे टॉयलेट पेपरची रिकामी पुठ्ठ्याची नळी. तिच्यातून जे आरपार जाईल, ते धाकट्याच्या हाताला लागता कामा नये. थोरली हे काम फार जबाबदारीने करते. चपट्या गोल बॅटरीबाबत मात्र मी कुणावरच विसंबत नाही. ती गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता तडक रुग्णालय गाठायचं. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ते खेळणं घरात नको. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करायच्या आणि खाताना बसूनच खायचं.

टबातून निघायला धाकटा तयार नसायचा. आता बूच तो ओढतो. पाणी गुडगुडत जाताना दोघं वाकून बघतात, टब रिकामा झाला की आंघोळ आपोआप संपते. टॉवेल आणि कपडे आधीच हाताशी ठेवायचे. पाणी चार बोटं का असेना, मूल टबात असताना क्षणभरही बाजूला जायचं नाही.

टीव्ही-मोबाइलच्या पडद्याचाही तोच न्याय. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशींप्रमाणे दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी तितकं चांगलं. बंद करण्याआधी शेवटची दोन मिनिटं मी शेजारी बसतो, “हा कुठे चाललाय?” असं विचारतो. मुलं माझ्याशी बोलू लागतात, मग गोष्ट संपली की बंद. मधेच बंद करू नये. आपल्या हातातलं पुस्तक कुणी अर्ध्या ओळीत मिटलं तर कसं वाटेल?

झोपेसाठी त्याच शिफारशींत एक-दोन वर्षांच्या मुलांना 11 ते 14 तास आणि तीन-चार वर्षांच्यांना 10 ते 13 तास सांगितले आहेत, दुपारची झोप धरून. थोरली दुपारी झोपत नाही. धाकटा झोपला की तिचा एक डबा निघतो, जो एरवी कपाटावर असतो. त्यातल्या वस्तू मी दर आठवड्याला बदलतो.

इतकं करूनही एखादा सांधा निखळतोच. तेव्हा समजावणं बंद. मी जमिनीवर बसतो, “निघायचं नव्हतं तुला,” एवढंच म्हणतो आणि थांबतो. हुंदके ओसरले की तो स्वतः मांडीवर येतो. बूट त्यानंतर.

रात्री थोरली दोघांचे उद्याचे कपडे मांडते. धाकट्याचा सदरा ती पाठ वर करून आणि खालची कड त्याच्याकडे करून ठेवते, म्हणजे सकाळी त्याला नुसतं डोकं आत घालायचं असतं.