दुकान कुणाचं ते आधी बघा: ऑनलाइन खरेदीतल्या या चुका टाळा

"भाऊ, हाई दुकान खरं शे का?"

अमळनेर तालुक्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. कापसाच्या फवारण्या सुरू झाल्या की हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतं. मोबाइल पुढे केलेला असतो आणि त्यावर जाहिरात असते: १६ लिटरचा बॅटरीवरचा फवारणी पंप, फक्त ७९९ रुपये, ऑफर आज रात्री १२ पर्यंत.

तीन वर्षांपूर्वी असाच पंप मी मागवला होता. यूपीआयने पैसे भरले. पंप आला नाही, आणि आठ दिवसांनी ती साइटच उघडेना. माझं बघून शेजारच्या आबांनीही तिथूनच मागवला होता. माझ्या भरवशावर त्यांचे पैसे गेले, याचं वाईट आजही वाटतं. तेव्हा मी नेमकं काय बघितलं होतं आणि काय बघायचं राहून गेलं होतं, ते इथे सांगतो.

कुलूप आणि चांदण्या बघून भुलणं

पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह होतं, म्हणून मी निश्चिंत झालो. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा मोबाइल आणि ती साइट यांच्यात जाणारी माहिती वाटेत तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला माणूस सचोटीचा आहे की नाही, हे कुलूप सांगत नाही. त्या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, त्यामुळे भामट्यांच्या साइटवरही ते असतंच. क्रोमने तर २०२३ मध्ये हे चिन्हच काढून टाकलं, कारण लोक त्याचा भलताच अर्थ घेत होते.

पाच चांदण्यांचे अभिप्राय त्याच साइटवर असतील तर ते दुकानदारानेच लिहिलेले असू शकतात. मालाचा फोटो बोटाने दाबून धरा आणि गूगल लेन्समध्ये शोधा. तोच फोटो दहा वेगळ्या नावांच्या दुकानांत दिसला तर तिथून उठा.

दुकानदार कोण, हे न विचारणं

जळगावच्या दाणा बाजारात आपण काही घ्यायला गेलो तर गल्ल्यावर कोण बसलंय ते बघतो. पंप बिघडला तर उद्या याच्याकडेच यायचंय, हे डोक्यात असतं. मोबाइलवर मात्र आपण थेट भाव बघतो. माझी खरी चूक ती होती.

ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. दुकानाचं कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता, संपर्काचा फोन आणि ईमेल, तसंच तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर ठळक दिसलं पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निपटारा महिनाभरात झाला पाहिजे. साइटवर अगदी खाली जा आणि हे शोधा. फक्त व्हॉट्सअॅप नंबर आणि साधा जीमेलचा पत्ता दिसला तर पैसे भरू नका. परताव्याच्या अटीही वाचा. घाईत नक्कल केलेल्या साइटवर अटींमध्ये भलत्याच दुकानाचं नाव राहून गेलेलं असतं. मी हे दोनदा पाहिलंय.

पत्ता दिला असेल तर नकाशावर टाका. जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो १५ अंक-अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्य सांगतात. महाराष्ट्राचे २७. "आम्ही जळगावचे" म्हणणाऱ्याचा क्रमांक ०७ ने, म्हणजे दिल्लीच्या अंकांनी, सुरू झाला तर तसं का ते विचारा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर क्रमांक टाकला की व्यापाऱ्याचं नाव आणि नोंदणी चालू आहे का, ते लॉगइन न करता दिसतं. नाव जुळलं पाहिजे, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांक उचलून डकवणारेही आहेत. मात्र केळीचे वेफर्स किंवा पापड विकणाऱ्या बचत गटाकडे जीएसटी नाही म्हणून त्यांना खोटं ठरवू नका. कमी उलाढालीच्या घरगुती व्यवसायाला ती नोंदणी लागतेच असं नाही. तिथे ओळखीचं कुणी माल घेतलाय का, ते विचारावं.

साइटचं नाव वाचतानाही एक गफलत होते. सुरुवातीचं https:// सोडून पुढे जी पहिली तिरपी रेघ (/) येते, तिच्या अगदी आधी जे येतं, तेच खरं नाव. सुरुवातीला मोठ्या कंपनीचं नाव आणि शेवटी "ऑफर-सेल डॉट शॉप" असेल, तर ते दुकान त्या कंपनीचं नाही.

पिन टाकण्याआधी यूपीआयच्या पडद्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव येतं. दुकानाऐवजी कुण्या अनोळखी माणसाचं नाव दिसलं तर थांबा. मी ते वाचलंच नव्हतं.

बियाणं आणि सोनं

बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं. "तणनाशक मारलं तरी जळत नाही" असं सांगून मोबाइलवर विकलं जातं ते चोर बीटी. त्याला आपल्या देशात परवानगीच नाही, त्यामुळे ते फसलं तर दाद मागायची पंचाईत. बियाणं विकायला परवाना लागतो. परवान्याचा आणि लॉटचा नंबर लिहिलेलं बिल मिळत नसेल तर घेऊ नका. उगवण झाली नाही तर तालुका कृषी कार्यालयात बिल आणि पिशवीच मागतात.

जळगावच्या सोन्याचं नाव मोठं, म्हणून ते नाव लावणारेही पुष्कळ. हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी असतो. बीआयएस केअर अॅपमध्ये तो टाकून बघा.

पार्सल आल्यावर पैसे द्यायचे, मग भीती कसली?

माणूस केळीच्या बागेत, घरी म्हातारी आई. पार्सलवाला दारात येतो, "तुमच्या मुलाने मागवलंय, ६४९ रुपये द्या" म्हणतो. आई डब्यातले पैसे काढून देते. संध्याकाळी उघडलं तर आत चिंध्या, आणि मुलाने काही मागवलेलंच नसतं. पार्सलवाला बहुतेक वेळा पैसे घेतल्याशिवाय खोकं उघडू देत नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवा: मला फोन केल्याशिवाय कुठलंही पार्सल घ्यायचं नाही. मागवलेलं असेल तर लेबलापासून शेवटपर्यंत सलग व्हिडिओ काढत उघडा.

पैसे गेल्यावर भलत्या नंबरला फोन

"फोन लागस नही" म्हणून लोक इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात, आणि तिथेच दुसऱ्यांदा फसतात. त्या नंबरवरचा भामटा परतावा द्यायला म्हणून क्यूआर कोड पाठवतो किंवा तुमचा पडदा त्याला दिसेल असं अॅप टाकायला लावतो. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

फसवणूक असेल तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग आपल्या बँकेला. व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून सकाळची वाट बघू नका. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते.

दुकान खरं, पण माल चुकीचा आला आणि ते परत घेत नाहीत, तर ते प्रकरण वेगळं. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी गुरुग्रामची असो की बंगळूरची, २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आबांची चपलांची तक्रार मागच्या वर्षी मीच १९१५ वर नोंदवून दिली. पैसे खात्यात आले तेव्हा ते मोबाइल घेऊन दुकानात आले आणि मेसेज मला दोनदा वाचायला लावला.