दम्यासाठी बॅक्टेरियाची लस घ्यायची का? आधी हे बघा

कोणी म्हणालं ना की दम्यावर बॅक्टेरियाची लस असते, तर आधी एकच विचारा, नक्की कुठली? या नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

पूर्वी पेशंटच्याच कफातले बॅक्टेरिया वाढवून मारायचे आणि त्याचं इंजेक्शन द्यायचे. १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याची ट्रायल छापून आली, काहींना खरी लस आणि काहींना नुसतंच द्रावण दिलेलं, फरक काही दिसला नाही. त्यामुळे हे आज कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

न्यूमोकोकलची लस वेगळी, ती न्यूमोकोकस नावाच्या बॅक्टेरियाने होणाऱ्या न्यूमोनियापासून वाचवते, दमा असेल तर डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारा, पण तिने दमा कमी होत नाही.

आता राहिलं लायसेट, म्हणजे बॅक्टेरिया फोडून त्यांच्या तुकड्यांची केलेली कॅप्सूल. ओएम-८५ हे त्यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं, आठ जातींचे बॅक्टेरिया असतात, नेहमीचा कोर्स महिन्यातले १० दिवस असा ३ महिने. आतड्यातल्या इम्यून पेशींना हे तुकडे दिसतात आणि श्वासमार्गही इन्फेक्शनसाठी जास्त तयार राहतो, अशी त्यामागची कल्पना. २०१० मध्ये १ ते ६ वर्षांच्या ७५ मुलांवरची ट्रायल आली, ज्यांना सर्दी झाली की छातीत घरघर सुरू व्हायची अशी मुलं, आणि ज्यांना खरं औषध दिलं त्यांचे वर्षभरातले अटॅक खोटं औषध दिलेल्यांपेक्षा साधारण ३८ टक्के कमी होते. चांगली गोष्ट आहे, पण मुलं थोडी आणि तीही लहान, मोठ्या माणसाच्या जुन्या दम्याला हे लागू करता येत नाही. २०१९ मध्ये युरोपच्या औषध संस्थेनेही सांगितलं की ही औषधं फक्त वारंवार होणारं इन्फेक्शन टाळायला वापरा, झालेल्या इन्फेक्शनवर उपचार म्हणून नको, आणि कंपन्यांनी अजून पुरावा आणावा.

मग करायचं काय? डॉक्टरांकडे जायच्या आधी दोन-तीन महिने वही ठेवा. अटॅक कधी आला, त्याआधी सर्दी-ताप होता का, धूळ होती का, पळापळ झाली होती का, रिलीव्हर पंप (दम लागला की लगेच घ्यायचा तो) किती वेळा लागला, सगळं लिहा. जवळजवळ प्रत्येक अटॅक सर्दीनंतरच येत असेल आणि मूल लहान असेल तर लायसेटबद्दल विचारण्यात अर्थ आहे. धुळीने किंवा पाळीव प्राण्यांमुळे त्रास होत असेल तर यातून फार आशा ठेवू नका. ऑटोइम्यून आजार (ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) असेल किंवा आधी अशा औषधाने अंगावर पुरळ आलं असेल तर ते आधीच सांगा.

कोर्स चालू असताना रोजचा स्टेरॉइडचा पंप बंद करायचा नाही, अजिबात नाही! सूज तोच आटोक्यात ठेवतो, हे तुकडे नाही. बऱ्याच जणांचा पंप तोंडातच उडतो, घशाखाली जातच नाही, म्हणून नवीन काही सुरू करण्याआधी स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवा. आणि बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळे पडत असतील तर वही बाजूला ठेवून लगेच इमर्जन्सीत जा.

कोर्स संपल्यावर फरक बघताना मागच्या महिन्याशी तुलना करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करा, कारण सीझन बदलला की घरघर तशीही कमी होते, आणि बऱ्याच मुलांची वय वाढलं की आपोआपच कमी होते.