पोलिसांविरुद्ध तक्रार : सोलापुरातून कागद कुठे आणि कसा न्यावा

समजा, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यातून रात्री अकरा वाजता साध्या वेशातील दोन पोलीस एका कामगाराला सुताच्या चोरीबाबत चौकशी करायची आहे असे सांगून घेऊन गेले. रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस त्याला ठाण्यात बसवून ठेवले, चारदोन फटके दिले आणि संध्याकाळी ‘जा आता, बोलावले की ये’ म्हणून सोडून दिले. अटक दाखवलेली नाही, नोटीस दिलेली नाही, जबाबावर सही घेतलेली नाही. कागदोपत्री तो माणूस त्या ठाण्यात कधी गेलेलाच नाही. अशा वेळी घरचे लोक आधी ओळखीचा नगरसेवक शोधतात, मग वर्तमानपत्रात बातमी येते का ते पाहतात आणि पंधरा दिवसांनी अर्ज लिहायला बसतात. तोवर अंगावरचे वळ गेलेले असतात आणि साक्षीदार ‘आपल्याला कशाला भानगड’ म्हणू लागलेले असतात. महाराष्ट्रात पोलिसांच्या वर्तनाची चौकशी करण्यासाठी स्वतंत्र कायदेशीर यंत्रणा आहे, परंतु ती यंत्रणा कागद मागते, आणि तो कागद पहिल्या दोन दिवसांतच तयार व्हावा लागतो.

माणूस ठाण्यात असताना

चौकशीसाठी बोलावणे आणि अटक करणे यांच्यामध्ये ‘बसवून ठेवणे’ नावाचा तिसरा प्रकार कायद्यात नाही. साक्षीदार म्हणून बोलवायचे असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७९ नुसार लेखी आदेश लागतो, आणि स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरील पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना त्यांच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. संशयित म्हणून बोलवायचे आणि अटक करायची नसेल तर कलम ३५(३) ची नोटीस द्यावी लागते. अटकच केली असेल तर कलम ३६ नुसार अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट वाचता येईल अशी ओळख असली पाहिजे आणि अटकेचा पंचनामा घरच्या माणसाच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीच्या साक्षीने झाला पाहिजे. कलम ४८ नुसार नातेवाइकाला कळवणे बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे हा तर संविधानाच्या अनुच्छेद २२ चाच हुकूम आहे.

म्हणून ठाण्यात गेल्यावर आवाज न चढवता ठाणे अंमलदाराला तीनच प्रश्न विचारावेत : कोणत्या गुन्ह्यात आणले, गुन्हा रजिस्टर नंबर काय, आणि स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्यातल्या रोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, नोंद झाली का. उत्तर मिळो वा न मिळो, विचारल्याची वेळ लिहून ठेवावी. उत्तर मिळत नसेल तर तिथूनच ११२ वर फोन करावा. त्या कॉलची वेळ आणि क्रमांक नोंदला जातो, आणि ‘असा कोणी माणूस इथे नव्हताच’ हे म्हणणे पुढे खोडायला ती नोंद उपयोगी पडते. कलम ३७ नुसार अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायचे असतात. तो फलक पाहावा आणि त्यावर नाव नसेल तर तेही टिपून ठेवावे.

सोलापुरात एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. अटकेची कारणे लेखी, आणि अटक झालेल्या माणसाला समजेल त्या भाषेत द्यावीत, दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी तरी ती त्याच्या हाती पडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ च्या निकालात सांगितले आहे, आणि तो खटला महाराष्ट्रातलाच होता. ज्या शहरात घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत उर्दू आणि सरकारी कागदावर मराठी चालते, तिथे ‘सही कर, कागदाचं काय ते नंतर बघू’ याला आता कायद्याचा आधार नाही. वाचता येत नसलेल्या कागदावर सही करावीच लागली, तर सहीखाली आपल्या भाषेत ‘मला मजकूर वाचून दाखवलेला नाही’ असे लिहावे.

सुटल्यावर पहिले दोन दिवस

मार बसला असेल तर घरी जाण्याआधी सिव्हिल हॉस्पिटल गाठावे. खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा सरकारी रुग्णालयातला केस पेपर पुढे जास्त टिकतो. डॉक्टरांना दुखापत कशी झाली ते स्पष्ट सांगावे आणि ते मेडिको-लीगल नोंदीत, म्हणजे न्यायालयीन कामासाठी ठेवल्या जाणाऱ्या वैद्यकीय नोंदीत, आल्याची खात्री करून घ्यावी. ‘पडलो’ असे एकदा लिहिले गेले की ते वाक्य पुढे प्रत्येक चौकशीत तुमच्याच विरोधात वाचले जाते. वळांचे फोटो मोबाइलवर काढावेत आणि मूळ फाइल पुसू नये.

यानंतरचा कागद सीसीटीव्हीचा, आणि लोक नेमका तोच विसरतात. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी खटल्यात प्रत्येक पोलीस ठाण्याचे प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, स्वागतकक्ष आणि निरीक्षकाची खोली यांवर कॅमेरे असावेत, चित्रीकरण अठरा महिने आणि तशी साधने उपलब्ध नसतील तर किमान एक वर्ष जपावे, आणि ते चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रमुखाची राहील, असे आदेश दिले. तुमचा माणूस ठाण्यात होता हे सिद्ध करायला याहून चांगला पुरावा नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी ठाणे प्रमुखाच्या नावे दोन ओळींचा अर्ज द्यावा : अमुक तारखेला इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंतचे सर्व कॅमेऱ्यांचे चित्रीकरण आणि स्टेशन डायरीची त्या काळातली पाने जपून ठेवावीत, मी ती मागणार आहे. त्याची एक प्रत पोलीस आयुक्तांना पाठवावी. मग त्याच चित्रीकरणासाठी माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून स्वतंत्र अर्ज करावा. एरवी उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. प्रश्न जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांची. ‘तपासात अडथळा येईल’ म्हणून नकार आला तर कोणता तपास आणि कसा अडथळा हे सांगणे त्यांच्यावर असते, आणि पहिले अपील तीस दिवसांत करता येते. कॅमेरे बंद होते असे उत्तर आले तर तेही लेखी घ्यावे, कारण ते उत्तर हाच आदेशभंगाचा कबुलीजबाब ठरतो.

अर्ज आणि त्याचा पहिला मुक्काम

अर्ज दीड पानापेक्षा मोठा नसावा. तारीख, वेळ, जागा, कोण कोण होते, काय केले, काय बोलले, कोणी पाहिले, सोबत काय जोडले आहे, इतकेच असावे. ‘संबंधित पोलिसांची मनमानी व दडपशाही’ असली वाक्ये लिहून कागद जड होतो, तक्रार नाही. नाव ठाऊक नसेल तर बिल्ला क्रमांक, तोही नसेल तर उंची, चष्मा, मोटरसायकलचा नंबर. जे स्वतः पाहिले ते आणि जे ऐकले ते वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवावे. वाढवून काही लिहू नये. खोटी माहिती देणे आणि खोटा आरोप करणे हे भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २१७ आणि २४८ खाली गुन्हे आहेत, आणि एक वाढवलेला तपशील पकडला गेला की खरे नऊही संशयात जातात.

सोलापुरात दोन वेगळी पोलीस दले आहेत हे परगावी स्थायिक झालेल्या नातेवाइकांना सांगावे लागते. फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका, सलगर वस्ती, जोडभावी पेठ किंवा एमआयडीसी यांपैकी एखाद्या ठाण्यातला प्रकार असेल तर वरिष्ठ म्हणजे सोलापूर शहराचे पोलीस आयुक्त. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळ, सांगोला अशा ठिकाणचा असेल तर ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि त्यांच्या वर कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक. अर्ज हाती देताना आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता टपाल कार्यालयातून पोचपावतीसह पाठवावा.

झालेला प्रकार दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल असा, गुन्हा असेल तर नुसती ‘तक्रार’ न देता गुन्हा नोंदवण्याची मागणी करावी. कबुली काढण्यासाठी मारहाण करणे हा न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि दुखापत गंभीर असेल तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. ठाण्याने नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार तीच माहिती वरिष्ठांना लेखी पाठवायची आणि तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जायचे, असा क्रम आहे. हा क्रम गाळून थेट न्यायालयात गेलेले अर्ज परत येतात. म्हणून ठाण्याला आणि वरिष्ठांना दिलेल्या दोन्ही अर्जांवरचे शिक्के जपायचे.

पोलीस तक्रार प्राधिकरण

आता राज्याच्या कायद्याकडे येऊ. पोलीस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला राज्य आणि जिल्हा अशा दोन पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ यात दुरुस्ती करून ते आणले खरे, पण जिल्ह्याच्या जागी महसूल विभाग घातला. सोलापूर पुणे महसूल विभागात येत असल्याने सोलापूरकराचे विभागीय प्राधिकरण पुण्याचे. म्हणजे ग्रामीण पोलिसांचा वरिष्ठ कोल्हापुरात, त्यांच्याविरुद्धची तक्रार पुण्यात आणि राज्य प्राधिकरण मुंबईत. ज्याची एक दिवसाची मजुरी बुडाली तर चूल थंड पडते, त्याने अडीचशे किलोमीटरवर तारखेला जावे ही रचना न्यायालयाच्या मूळ आदेशापेक्षा उणी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही हे दार सोडू नये.

कोणत्या प्राधिकरणाकडे जायचे हे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या हुद्द्यावरून ठरते. शिपायापासून वरिष्ठ पोलीस निरीक्षकापर्यंत विभागीय, त्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी राज्य प्राधिकरण. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीश असतात. पोलीस कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, विहित पद्धत न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे आणि कायद्याचा गंभीर भंग किंवा अधिकाराचा दुरुपयोग, हे विषय त्यांच्या कक्षेत येतात. आपल्या यंत्रमाग कामगाराची तक्रार ‘विहित पद्धत न पाळता स्थानबद्धता’ या शब्दांतच मांडावी. ‘मारहाण केली’ एवढ्यावर भर दिला आणि दुखापत कायद्याच्या व्याख्येनुसार गंभीर ठरली नाही, तर मुद्दा निसटतो. रात्रभर विनानोंद ठेवल्याचा मुद्दा मात्र निसटत नाही. पीडित, त्याच्या घरचे किंवा त्याच्या वतीने दुसरी व्यक्ती तक्रार करू शकते. निनावी अर्ज घेतला जात नाही. मजकुराला प्रतिज्ञापत्र आणि शिक्के घेतलेल्या सर्व प्रती जोडाव्यात.

प्राधिकरण स्वतः शिक्षा देत नाही. ते साक्षी घेते, कागद मागवते, निष्कर्ष काढते आणि अहवाल व शिफारस पुढे पाठवते. खातेनिहाय चौकशी किंवा फौजदारी कारवाई ही पुढची पायरी असते. हे आधीच समजून घेतले तर ‘प्राधिकरणात जिंकलो, तरी तो तिथेच बसलाय’ अशी निराशा पदरी येत नाही.

इतर दारे, आणि त्यांच्या मुदती

महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते. आयोग भरपाईची शिफारस करू शकतो, परंतु दुसऱ्या आयोगासमोर चालू असलेले प्रकरण घेत नाही. म्हणून कुठे कुठे अर्ज दिला आहे हे प्रत्येक अर्जात प्रामाणिकपणे लिहावे. सोडण्यासाठी पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. शक्यतो पैसे देण्यापूर्वीच फोन करावा, आणि नाइलाजाने दिले असतील तर सात दिवसांत कळवावे, नाहीतर देणाराही अडकतो.

सोलापुरातल्या सेटलमेंटची, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना ब्रिटिश काळात डांबलेल्या वसाहतीची, आठवण इथे होणे साहजिक आहे. जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की आधी विमुक्तांच्या, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या, वस्तीत गाडी जाते ही सवय कायद्याइतक्या लवकर रद्द होत नाही. पारधी समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ लागू पडतो आणि त्यातील कलम ४ कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा सांगते. सगळ्या विमुक्त जाती मात्र या कायद्याखाली येत नाहीत, तेव्हा जातीचा दाखला पाहूनच अर्जात कलम घालावे.

सर्वांत घातक मुदत पोलीस अधिनियमातच आहे. कलम १६१ नुसार कर्तव्याच्या आडून किंवा अधिकाराबाहेर जाऊन केलेल्या कृत्याबद्दल खटला किंवा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो; त्यापुढे दोन वर्षांपर्यंत खटला भरायचा तर राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते. नुकसानभरपाईच्या दाव्याआधी एक महिन्याची नोटीसही द्यावी लागते. मारहाण हे कर्तव्य असूच शकत नाही हा युक्तिवाद न्यायालयात करता येतो, पण तो वकिलाने गरज पडल्यास करावा. आपण त्याच्या भरवशावर सात महिने थांबू नये. प्राधिकरणाची चौकशी चालू आहे म्हणून ही मुदत थांबेल असेही गृहीत धरू नये.

माणूस अजून ठाण्यातच आहे आणि पोलीस नाकारत आहेत, अशी वेळ आली तर देहोपस्थिती याचिकेसाठी (हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी) आता मुंबई गाठावी लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. जाताना सिव्हिलचा केस पेपर, शिक्का असलेल्या अर्जांच्या प्रती, टपालाच्या पावत्या आणि वेळा लिहिलेली वही सोबत न्यावी, आणि मूळ कागद कोणाच्याही हाती न देता झेरॉक्सच द्यावी.