फोनचा अपडेट कधी मारायचा, कधी थांबायचं आणि अपडेट यायचे बंद झाले की काय करायचं

अपडेटचं नोटिफिकेशन आलं की काही लोक 'नंतर' दाबतात आणि मग वर्ष वर्ष तेच दाबत राहतात, काही लोक आलं रे आलं की लगेच इन्स्टॉल दाबून मोकळे होतात, आणि कधी ना कधी दोघांनाही त्रास होतो, कारण अपडेट या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि दोन्हींना एकच नियम लावून चालत नाही. एक असतो छोटा सिक्युरिटी पॅच, फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली, हॅकरला शिरू देणारी भोकं बुजवणारा. दुसरा म्हणजे पूर्ण नवीन व्हर्जन, म्हणजे अँड्रॉइड १४ वरून १५, किंवा आयओएसचा पुढचा आकडा, ज्यात दिसणं बदलतं, मेन्यू इकडचे तिकडे होतात, फाईल दोन-चार जीबीची असते. माझं सरळ म्हणणं आहे की छोटा लवकर घ्या, मोठ्याला थोडं थांबा, आणि दोन्हीच्या आधी बॅकअप.

आधी आपला फोन कुठे आहे ते बघा. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये जाऊन अबाउट फोन, तिथे अँड्रॉइड व्हर्जन, आणि त्याच्या आत सिक्युरिटी अपडेट किंवा सिक्युरिटी पॅच लेव्हल असं लिहिलेलं असतं आणि पुढे एक तारीख असते. कंपनीप्रमाणे मेन्यूची नावं थोडी इकडेतिकडे होतात, नाही सापडलं तर सेटिंगच्या वरच्या सर्चमध्ये सिक्युरिटी टाईप करा. आयफोनवर सेटिंग, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट. लोक व्हर्जनचा आकडा बघतात आणि ही तारीख कोणी बघतच नाही, खरी महत्त्वाची तीच आहे. अँड्रॉइड १३ वर असलेला पण मागच्या महिन्याचा पॅच मिळालेला फोन हा अँड्रॉइड १४ वर असून दीड वर्ष पॅच न आलेल्या फोनपेक्षा जास्त सुरक्षित असतो. तारीख तीन-चार महिने जुनी असेल तर चालेल म्हणता येईल, वर्ष उलटून गेलं असेल तर काळजी करायची वेळ आली.

आता काळजी कशाची ते सांगतो, कारण "माझ्या फोनमध्ये आहे काय चोरण्यासारखं" हे फार ऐकू येतं. बँक, ईमेल, फोटो, ओटीपी, सगळं त्याच फोनवर आहे की! २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये स्टेजफ्राइट नावाचं भोक सापडलं, नुसता तुमचा नंबर माहीत असला आणि एक खास बनवलेला एमएमएस पाठवला तरी फोनमध्ये शिरता येत होतं, तुम्ही काही उघडायची सुद्धा गरज नाही. त्यानंतरच, ऑगस्ट २०१५ पासून, गूगलने दर महिन्याला सिक्युरिटी बुलेटिन काढायला सुरुवात केली. हे आयफोनलाही चुकलेलं नाही, सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १४.८ आलं ते असंच आयमेसेजमधून काही न दाबता शिरणारं भोक बुजवायला, आणि ते पेगासस स्पायवेअरने तोपर्यंत वापरूनही झालं होतं. आणि पॅच आला की भोक कुठे होतं हे जगजाहीर होतं, म्हणजे ज्यांनी पॅच घेतला ते सुटले आणि ज्यांनी नाही घेतला त्यांच्या घराचा पत्ता आता सगळ्यांकडे आहे. जुना पॅच दिवसेंदिवस जास्त धोक्याचा होत जातो तो यामुळे.

हॅकिंगचं सोडलं तरी रोजची कामं अडतात. ब्राउजरचंच बघा, क्रोमची १३८ ही अँड्रॉइड ८ आणि ९ साठी शेवटची आवृत्ती होती, १३९ पासून किमान अँड्रॉइड १० लागतं. मे २०२५ पासून व्हॉट्सॲपला आयओएस १५.१ च्या खाली चालत नाही, त्यामुळे आयफोन ५एस आणि ६ बाहेर. आणि एक उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं, आयफोन ५ चं. जीपीएसच्या तारखेच्या हिशोबातल्या अडचणीमुळे ॲपलने सांगितलं होतं की ३ नोव्हेंबर २०१९ च्या आधी आयओएस १०.३.४ घ्या, नाहीतर लोकेशन, ॲप स्टोअर, ईमेल, ब्राउजिंग सगळं बंद पडेल. ज्यांनी वेळेत घेतला नाही त्यांना मग फोनवरून अपडेट घेताच येईना, कॉम्प्युटरला जोडूनच करावं लागलं. म्हणजे 'नंतर' दाबता दाबता कधीकधी ते बटणच निघून जातं.

पण अपडेटला घाबरणारे लोक वेडे आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही, त्यांची भीती खरी आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८.०.१ आलं आणि आयफोन ६ वाल्यांचं नेटवर्क आणि टच आयडी दोन्ही गेलं, ॲपलला साधारण तासाभरात तो मागे घ्यावा लागला. २०२१ च्या सुरुवातीला शाओमीच्या एमआय ए३ वर अँड्रॉइड ११ चा अपडेट आला आणि फोन चालूच होईनात. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ मुळे पिक्सेलवर ज्यांनी एकापेक्षा जास्त युजर प्रोफाईल ठेवले होते त्यांना स्वतःचेच फोटो आणि फाईली उघडता येईनात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० आणि नोट १० मालिकेतले फोन बूटलूपमध्ये अडकले, म्हणजे पुन्हा पुन्हा रीस्टार्टच होत राहिले, तेही पूर्ण सिस्टीम अपडेट नव्हता, सॅमसंगच्या स्मार्टथिंग्जच्या एका भागाचा अपडेट होता. आणि मुद्दाम केलेलेही प्रकार आहेत. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून ॲपलने आयओएस १०.२.१ पासून त्यांचा स्पीड कमी केला पण लोकांना नीट सांगितलं नाही, डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं, आणि पुढच्या वर्षी अपडेटने जुने फोन स्लो केल्याबद्दल इटलीने ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगलाही ५० लाख युरो दंड ठोकला. जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४ए ला जो अपडेट आला त्याने काही फोनची बॅटरी मुद्दाम कमी चालेल असं केलं, सुरक्षेसाठी म्हणून. तेव्हा "अपडेट मारल्यापासून फोन स्लो झाला" हे दर वेळी मनाचे खेळ नसतात.

ही सगळी उदाहरणं नीट बघितली तर एक दिसतं की यातल्या बहुतेक भानगडी अपडेट आल्यावर पहिल्या काही दिवसांतच बाहेर आल्या. म्हणून मोठं व्हर्जन आलं की दोन-तीन आठवडे थांबा, पहिला दुरुस्तीचा अपडेट येऊ द्या, म्हणजे शेवटी .१ किंवा .०.१ असलेला, मग घ्या. छोट्या पॅचला दोन-तीन दिवस पुरे, आणि "हे भोक सध्या वापरलं जातंय" अशी बातमी असेल तर त्याच रात्री. आयफोनवर मोठं नको असेल तरी सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावर खाली कधीकधी जुन्याच व्हर्जनचा सिक्युरिटी अपडेट वेगळा दिलेला असतो, तो काही काळ घेता येतो, कायमचा नाही. अँड्रॉइड १० पासून गूगल प्ले सिस्टीम अपडेट नावाची अजून एक गोष्ट आहे, ती कंपनीवर अवलंबून नसते, फोनचे काही भाग थेट गूगलकडून अपडेट होतात. सेटिंगमध्ये शोधून तीही अधूनमधून बघत जा, कित्येक फोनवर ती मागे राहिलेली असते कारण फोन रीस्टार्टच केलेला नसतो.

थांबायच्या दिवसांत काय करायचं, तर फोनचं नेमकं मॉडेल आणि अपडेटचा बिल्ड नंबर, म्हणजे त्या अपडेटचा नेमका क्रमांक, टाकून सर्च करा. नुसतं "अपडेट प्रॉब्लेम" शोधलं तर जगातल्या सगळ्या फोनच्या तक्रारी समोर येतील आणि उगाच धडकी भरेल. एकाच मॉडेलवर एकच तक्रार वेगवेगळे लोक करत असतील तरच ती मनावर घ्या. तुमची बँकेची ॲप आणि कामाची एखादी जुनी ॲप नवीन व्हर्जनवर चालते का तेही बघा, कारण जुन्या ॲप कायमच्या जातात असं झालेलं आहे, २०१७ मध्ये आयओएस ११ ने सगळ्या ३२ बिट, म्हणजे जुन्या पद्धतीने बनवलेल्या ॲप बंद केल्या, आणि डेव्हलपरने वर्षानुवर्षं हात न लावलेली ॲप अँड्रॉइड १४ नव्याने इन्स्टॉलच करू देत नाही.

आता बॅकअप, आणि इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण लोक नेमके इथेच फसतात. "गूगलवर असतंच ना सगळं" हे गृहीत धरू नका, उघडून बघा. गूगल फोटोज उघडा आणि शेवटचा फोटो खरंच चढलाय का बघा, जागा भरल्यामुळे बॅकअप महिनोन्महिने बंद पडलेला असतो आणि कळत नाही. व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा असतो, सेटिंग, चॅट्स, चॅट बॅकअप, तिथे शेवटची तारीख बघा आणि हाताने एकदा बॅकअप दाबा, अँड्रॉइडवर तो फोटोंसारखाच गूगलच्या फुकट १५ जीबी जागेत मोजला जातो त्यामुळे जागा नसेल तर होणारच नाही. कॉन्टॅक्ट फोनमध्ये सेव्ह आहेत की अकाउंटला, हे बघा. दोन पायऱ्यांच्या लॉगिनसाठी ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनचे कोड बनवणारी ॲप, वापरत असाल तर त्याचा सिंक चालू आहे का किंवा रिकव्हरी कोड कागदावर लिहिलेत का, हे नक्की बघा, फोन गेला तर फोटोंपेक्षा याचा त्रास जास्त होतो. आणि शक्य असेल तर फोटोंची एक कॉपी कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर टाका.

मग पिन. रीस्टार्टनंतर पहिल्यांदा बोटाने किंवा चेहऱ्याने फोन उघडत नाही, पिन किंवा पॅटर्नच लागतो, आणि दोन वर्षं बोट लावून उघडणाऱ्याला तो आठवत नाही. अपडेट मारायच्या आधी एकदा पिन टाकून बघा, घरातल्या मोठ्यांचा फोन अपडेट करून देत असाल तर त्यांना आधी विचारून घ्या, विसरलात तर रीसेट मारण्यावाचून पर्याय नसतो आणि डेटा जातो.

बाकी साधं आहे, चार्जिंग निम्म्याच्या वर आणि शक्यतो चार्जरला लावून, वायफाय, आणि फाईलच्या आकाराच्या दुप्पट तरी मोकळी जागा. प्रवासाच्या आदल्या रात्री, परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या दिवशी, ओटीपीची वाट बघत असताना अपडेट मारू नका. इन्स्टॉल होताना स्क्रीन काळी होऊन बराच वेळ नुसता लोगो दिसला तरी घाबरून पॉवर बटण दाबून ठेवू नका, निदान अर्धा-पाऊण तास द्या.

झाल्यावर एक-दोन दिवस फोन गरम होईल, बॅटरी भराभर उतरेल, ते बहुतेक वेळा नॉर्मल आहे कारण आत ॲप पुन्हा बसवणं, फोटोंची यादी बनवणं असली कामं चालू असतात. त्या दोन दिवसांत स्टोअरमध्ये जाऊन सगळ्या ॲप अपडेट करा, एकदा रीस्टार्ट मारा, परमिशन बदलल्या नाहीत ना ते चाळून घ्या. आठवड्यानंतरही तसंच असेल तर बॅटरीची हेल्थ बघा, आयफोनवर हे २०१८ पासून सेटिंगमध्येच दिसतं, कारण बऱ्याचदा जुनी बॅटरी हेच खरं कारण असतं आणि बॅटरी बदलली की फोन सुधारतो. तरीही नाही जमलं तर बॅकअप घेऊन रीसेट, सगळ्यात शेवटी.

फोन लोगोवरच अडकला तर घाईने रीसेट मारू नका. आयफोन कॉम्प्युटरला जोडून रिकव्हरी मोडमध्ये नेला की दोन पर्याय येतात, अपडेट आणि रिस्टोअर, आधी अपडेट निवडा, त्यात डेटा राहतो, रिस्टोअरमध्ये सगळं पुसलं जातं. अँड्रॉइडवर रिकव्हरीमध्ये आधी नुसतं रीबूट करून बघा, काही फोनवर कॅशे, म्हणजे तात्पुरत्या फाईली, पुसायचा पर्याय असतो तो बघा, फॅक्टरी रीसेटला हात लावू नका जोपर्यंत डेटा गेला तरी चालेल असं ठरत नाही. आणि मागच्या व्हर्जनवर परत जाऊ हा विचार सोडून द्या, ॲपल जुन्या व्हर्जनची परवानगी थोड्याच दिवसांत बंद करतं, अँड्रॉइडवर बहुतेक वेळा सगळा डेटा पुसला जातो आणि काही फोनवर मागे जायची सोयच लॉक केलेली असते, व्हिडिओ बघून जबरदस्ती केली तर फोन कायमचा जायचा.

एक सावधगिरी. अपडेट फक्त फोनच्या सेटिंगमधून येतो, ॲपचा फक्त अधिकृत स्टोअरमधून. वेबसाईटवर "तुमचा फोन जुना झाला, लगेच अपडेट करा" असं आलं, मेसेजमध्ये लिंक आली, कोणी एपीके फाईल (स्टोअरबाहेरून ॲप इन्स्टॉल करायची फाईल) पाठवली, तर हात लावायचा नाही. २०२१ मध्ये तर सिस्टीम अपडेट याच नावाची एक अँड्रॉइड ॲप सापडली होती जी मेसेज, फोटो, कॉल रेकॉर्डिंग सगळं चोरत होती.

आणि ज्यांच्या फोनला अपडेट यायचेच बंद झालेत त्यांनी काय करायचं? फोन लगेच फेकायची गरज नाही, पण त्याचं काम बदला. बँक, पेमेंट आणि मुख्य ईमेल त्यावरून काढून दुसऱ्या, चालू पॅच असलेल्या फोनवर न्या, कुटुंबात एकाचा तरी तसा असतोच. जुन्यावर ब्राउजर आणि ॲप मिळतील तोवर अपडेट ठेवा, नवीन ॲप बाहेरून टाकू नका, ब्लूटूथ लागेल तेव्हाच चालू करा, उघड्या वायफायला जोडू नका. गाणी, अलार्म, कॅमेरा, व्हिडिओ यासाठी तो मस्त चालतो. ज्यांना हाताळता येतं त्यांच्यासाठी लिनेजओएससारखे रॉम, म्हणजे कंपनीऐवजी इतरांनी बनवलेल्या अँड्रॉइड सिस्टीम, आहेत, काही जुन्या मॉडेलना त्यातून अजून पॅच मिळतात, पण त्यासाठी बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करणाऱ्या भागाचं कुलूप, अनलॉक करताना सगळा डेटा जातो आणि बँकेच्या बऱ्याच ॲप नंतर चालायला नकार देतात, तेव्हा एकमेव फोनवर हा प्रयोग मी सुचवणार नाही.

नवीन घेताना कॅमेरा आणि रॅमच्या आधी अपडेटची वर्षं विचारा. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून या कंपन्यांनी त्या मालिकांना ७ वर्षं सांगितली आहेत, स्वस्त मॉडेलना बरीच कमी असतात, आणि ही वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही विकत घेतला त्या दिवसापासून नाही, त्यामुळे दोन वर्षं जुनं मॉडेल डिस्काउंटमध्ये घेतलं तर त्याची दोन वर्षं आधीच संपलेली असतात. जुना कोणाला देणार असाल तर रीसेट मारायच्या आधी सेटिंगमधून गूगल अकाउंट काढा, आयफोनवर फाइंड माय बंद करा, नाहीतर घेणाऱ्याला तुमचाच पासवर्ड मागत फोन अडून बसेल.