विंडोज ११ वर मराठी टंकलेखन : कीबोर्ड आपोआप बदलू नये म्हणून

मराठी टंकलेखनासाठी संगणकाचा सगळा कारभारच मराठीत करून टाकावा, असे सुचवणारे सल्ले जागोजागी आढळतात आणि बहुतेक गोंधळ त्यांतूनच सुरू होतो. मेनूंची भाषा, कीबोर्ड, दिनांक व आकड्यांची मांडणी आणि युनिकोड (सर्व लिपींतील अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) नसलेल्या जुन्या प्रोग्रॅमसाठीची भाषा या चार वेगवेगळ्या गोष्टी असून टंकलेखनासाठी त्यांपैकी फक्त कीबोर्डला हात लावावा लागतो.

‘सेटिंग्ज’मधील ‘टाइम अँड लँग्वेज’मधून ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये जाऊन मराठी भाषा जोडावी. तिला मेनूंची भाषा करण्याची खूण काढून टाकावी आणि यादीत इंग्रजीच वर राहू द्यावी. मराठीच्या ‘लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये इन्स्क्रिप्ट (भारतीय लिपींसाठीची प्रमाण कळरचना) किंवा २०१९ पासून विंडोजमध्ये उपलब्ध असलेला फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चारानुसार टंकून मराठी उमटवणारा), यांपैकी एकच कीबोर्ड ठेवावा. रोज लिहिणाऱ्याने इन्स्क्रिप्टच शिकावा, असे माझे ठाम मत आहे. त्यात शिफ्टसह ‘एन’ दाबले की ‘ळ’ मिळतो आणि शिफ्टसह ‘जे’ व त्यानंतर ‘डी’ दाबले की ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यांतील ‘ऱ्’ खात्रीने उमटतो.

खरी डोकेदुखी यानंतर सुरू होते. इंग्रजी मजकूर लिहिता लिहिता मध्येच देवनागरी अक्षरे उमटू लागतात आणि माणूस कीबोर्ड बिघडला असे समजून तो बदलायला निघतो. प्रत्यक्षात डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्याने भाषा बदलते, तर कंट्रोल आणि शिफ्टने त्याच भाषेतील दुसरा कीबोर्ड येतो. वर्डमध्ये परिच्छेद वर-खाली सरकवताना, खिडक्यांमधून उलट क्रमाने फिरताना किंवा एकेक शब्द करत मजकूर निवडताना याच कळा दाबाव्या लागत असल्याने बोट जरा लवकर उचलले गेले तरी भाषा पालटते. दोन मराठी कीबोर्ड ठेवू नयेत, तेही याचसाठी. ‘सवय होईल’ हा सल्ला मी कधीच मानला नाही, कारण सवय वाढते तसा हातांचा वेग वाढतो आणि चूकही वाढते.

उपाय ‘टाइम अँड लँग्वेज’मधील ‘टायपिंग’ या भागात, ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’च्या आत, ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ येथे आहे. तेथे ‘चेंज की सीक्वेन्स’ उघडून भाषा बदलण्याच्या आणि कीबोर्ड बदलण्याच्या अशा दोन्ही रकान्यांत ‘नॉट असाइन्ड’ निवडावे. एकच रकाना बदलून थांबू नये. अर्धवट राहिलेल्या कामामुळेच लोक ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणतात. विंडोज कळ आणि स्पेसबार ही जोडी यानंतरही चालू राहते, आणि चुकून दाबली जाणे कठीण असल्याने भाषा बदलण्यासाठी तीच वापरावी.

‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’च्याच पानावर प्रत्येक प्रोग्रॅमच्या खिडकीसाठी वेगळा कीबोर्ड लक्षात ठेवण्याची सोय आहे. एका खिडकीत मराठी लेख आणि दुसरीत इंग्रजी पत्रव्यवहार चालू असेल, तर ती जरूर सुरू करावी. मूळ कीबोर्ड ठरवण्याच्या यादीत मात्र इंग्रजीच निवडावे.

आपण न जोडलेला अमेरिकन इंग्रजी कीबोर्ड यादीत दिसू लागला आणि काढायला गेल्यास सापडतच नसेल, तर तो आधी रीतसर जोडावा, साइन आउट करून परत यावे आणि मग काढावा.

दिनांकाची मांडणी ‘इंग्लिश (इंडिया)’ ठेवावी. तीत दिवस महिन्याच्या आधी येतो आणि स्वल्पविराम लाख-कोटींप्रमाणे पडतात.

युनिकोड नसलेल्या प्रोग्रॅमची भाषा बदलली की जुन्या फाँटमधील मजकूर वाचता येईल, हा सल्ला सरळ दुर्लक्षावा. ते फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवतात. तो मजकूर वाचायला तोच फाँट किंवा युनिकोडमध्ये रूपांतर करणारे साधन लागते.

साइन-इनच्या पडद्यावर योग्य पासवर्ड नाकारला जात असेल, तर तो पुन्हा पुन्हा टंकण्याआधी कोपऱ्यातील भाषेची खूण पाहावी आणि तेथे मराठी दिसल्यास विंडोज कळ व स्पेसबार दाबून इंग्रजी आणावी.